पीएसए शांत असताना

प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल आपल्याकडे एक दिलासा देणारं बोलणं फिरत असतं. हा म्हातारपणीचा आजार, सावकाश वाढतो, माणूस त्याच्यासकट जगतो आणि शेवटी दुसऱ्याच कशानं तरी जातो. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. ही पुस्तिका मात्र उरलेल्यांसाठी आहे. आजार काही वर्षं औषधाला नीट दाद देतो, प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या पीएसए या प्रथिनाचा आकडा खाली बसतो, घरचे निर्धास्त होतात. आणि मग तोच आजार वेगळ्याच पेशींचं रूप घेऊन यकृतात, फुप्फुसात, क्वचित गुदाशयात किंवा आतड्यात डोकं वर काढतो. असे रुग्ण थोडे असतात, पण त्यांची फरफट मोठी होते. त्यातली निदान काही फरफट टाळता येण्याजोगी असते.

मी पॅथॉलॉजीचा माणूस. रुग्णाचा चेहरा मला फारसा दिसत नाही, तपासणीसाठी काढलेला त्याच्या गाठीचा तुकडा दिसतो. म्हणून ही प्रस्तावना लिहिताना माझा कल तुकड्याकडे झुकला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. या पुस्तिकेत माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट एकच आहे: कॅन्सरचा पहिला रिपोर्ट म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. आजार वेगळा वागायला लागला की तो पुन्हा तपासावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा तुकडा काढावा लागतो. बाकीची पानं या एका वाक्याभोवती फिरतात.

वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहे तो पेण ते रोहा या पट्ट्यातला माणूस. वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की मुंबई-गोवा महामार्गावर गडब लागतं. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना, खाली खारेपाटातली भातशेती, पलीकडे धरमतरची खाडी. आपण गडबचा एक रुग्ण कल्पू. तो अमुक एक माणूस नाही, अनेकांवरून बेतलेला आहे. वय अडुसष्ट-सत्तर. चार वर्षांपूर्वी लघवी तुंबली, नळी घालावी लागली, तपासणीत प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला निघाला. अंडकोष काढायची शस्त्रक्रिया झाली. गावात सांगितलं, ‘लघवीचं ऑपरेशन झालं.’ त्याहून जास्त कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पुढं गोळ्या सुरू झाल्या, कंबरदुखी गेली, पीएसए शंभराच्या वरून एकच्या खाली आला. आणि आता सहा आठवडे झाले, पोट साफ होत नाही, संडासला सारखं जावंसं वाटतं, शौचावाटे रक्त जातं. मुलगा रक्ताचा रिपोर्ट हातात धरून विचारतो, ‘रिपोर्ट त चांगला हाय, मंग रगत कशाला परतंय?’

हा प्रश्न पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावा अशी सूचना मी केली होती.

उत्तरासाठी आधी शरीराची रचना पाहू. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली असते. तिच्या बरोबर मागं गुदाशय. दोघांमध्ये एक पातळ पण चिवट पडदा असतो. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ देनोंव्हिलिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचं वर्णन केलं आणि आजही तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. शेजार इतका जवळचा की डॉक्टर प्रोस्टेट तपासतात ते गुदद्वारातून बोट घालून, आणि सुईनं तुकडा काढतात तोही पुष्कळदा त्याच वाटेनं. तरी प्रोस्टेटचा कॅन्सर सहसा गुदाशयात शिरत नाही, याचं बरंचसं श्रेय त्या पडद्याला आहे. गाठ वर मूत्राशयाकडे, बाजूला लसिकाग्रंथींकडे आणि रक्तावाटे हाडांकडे जाते. मागची भिंत बहुधा टिकते. पण ‘सहसा’ आणि ‘बहुधा’ या शब्दांच्या पलीकडे काही रुग्ण राहतातच.

आता उपचार. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं की पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि ते तोडलं की आक्रसतो. अंडकोष काढल्यावर, किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर, हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. त्याआधी कॅन्सरवर असा रासायनिक लगाम घालता येतो हे कुणाच्या फारसं ध्यानीमनी नव्हतं. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ मध्ये नोबेल मिळालं. योगायोग असा की त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही ते पुढं झाले. आज आम्ही तुकडे ज्या शिस्तीनं कापतो, जपतो, नोंदवतो, ती शिस्त आपल्या मुलखात रुजवणाऱ्या पिढीचे ते म्होरके.

पुढच्या ऐंशी वर्षांत हगिन्स यांच्या कल्पनेवरच इमले चढले. शस्त्रक्रियेऐवजी महिन्या-तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं आली, २०११ मध्ये अमेरिकेत अबिरॅटेरॉनला आणि २०१२ मध्ये एन्झाल्युटामाइडला परवानगी मिळाली. आपल्याकडे देशी कंपन्यांची अबिरॅटेरॉन आल्यावर ते सामान्य घरांच्या आवाक्यात थोडंफार आलं. रिकाम्या पोटी १००० मिलिग्रॅमऐवजी हलक्या न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅम दिलं तरी पीएसएवर होणारा परिणाम कमी पडत नाही, असा एक छोटा अभ्यास २०१८ मध्ये आला. भारतातल्या अनेक डॉक्टरांनी तो खर्चाच्या कारणानं उचलला. (हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळ्या कमी करू नयेत. न्याहारी किती तेलकट, यावरसुद्धा रक्तातलं औषध बदलतं.)

या सगळ्या औषधांचं अंतिम लक्ष्य एकच: पेशीतला अँड्रोजन रिसेप्टर. पुरुषी संप्रेरक या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि तिथली ठरावीक जनुकं चालू करतो. वाढीची जनुकं त्यात आहेत, आणि पीएसए बनवणारं जनुकही त्यातच आहे. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. पीएसए खाली येतो तो दोन कारणांनी. एक तर पेशी मेल्या, किंवा थंडावल्या. बहुतेकांच्या बाबतीत असंच घडतं आणि त्याचा आनंद मानायलाच हवा. दुसरं कारण असं की पेशी जिवंत आहेत, वाढताहेत, पण त्यांनी या रिसेप्टरवर अवलंबून राहणंच सोडून दिलं. मग पीएसए बनवण्याचा हुकूम द्यायला पेशीत कुणी उरत नाही. आकडा शांत राहतो आणि आजार धावत असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल पाहिला की विसरता येत नाही. नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये, ज्याला आम्ही अॅडिनोकार्सिनोमा म्हणतो, पेशी कितीही बिघडल्या तरी ग्रंथी बनवायची सवय सोडत नाहीत. लहान-लहान पोकळ वर्तुळं, भोवती फिकट गुलाबी पेशी, आत ठसठशीत केंद्रकमणी. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये याच वर्तुळांच्या मोडतोडीवरून दर्जे ठरवले आणि रिपोर्टवरचा ग्लीसन स्कोअर तिथून आला. बदललेल्या आजारात वर्तुळं दिसत नाहीत. पेशी लहान, गडद निळ्या, जवळपास सगळी जागा केंद्रकानं व्यापलेली, एकमेकींना दाबून बसलेल्या. केंद्रकमणी दिसत नाही, त्याऐवजी मीठ-मिरी भुरभुरवल्यासारखे बारीक ठिपके. सुईनं काढताना त्या इतक्या सहज चिरडतात की कधी कधी तुकड्यात नुसते निळे ओघळच उरतात. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये हुबेहूब हेच दिसतं. याला न्यूरोएंडोक्राइन रूप म्हणतात, कारण या पेशी चेतापेशी आणि संप्रेरक बनवणाऱ्या पेशी यांचे गुण दाखवू लागतात.

मग हा दुसराच कॅन्सर झाला की पहिल्यानंच रूप पालटलं? यावर बरीच वर्षं वाद होता. हिमिशा बेल्ट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये जे मांडलं त्यानं चित्र पुष्कळ स्पष्ट झालं. दोन्ही प्रकारच्या गाठींच्या डीएनएमधले मूळ बिघाड मोठ्या प्रमाणात सारखे निघाले, म्हणजे घराणं एकच. फरक होता तो जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये. आरबी१ आणि टीपी५३ ही दोन जनुकं पेशीला आपल्या जागी, आपल्या कामाला बांधून ठेवतात. ती दोन्ही गेली की पेशीला ओळख बदलणं सोपं जातं. उंदरांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या २०१७ च्या दोन शोधनिबंधांनी हीच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी दाखवली. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या बुशरा अतीक यांच्या प्रयोगशाळेनं २०२० मध्ये दाखवलं की पुरुषी संप्रेरक तोडल्यावर स्पिंक१ नावाच्या जनुकाला मोकळं रान मिळतं आणि त्यातून पेशींचं रूप पालटणं बळावतं. त्याच वर्षी अतीक यांना भटनागर पुरस्कार मिळाला. 

इथं एक गैरसमज होण्याचा धोका आहे आणि तो मी आधीच खोडतो. ‘म्हणजे औषधानंच आजार बिघडवला’ असं वाचकाला वाटेल. औषधाच्या दाबाखाली रूप पालटतं हे खरं. पण त्याच औषधानं रुग्णाला दिलेली चार वर्षं, चालत-फिरत, भातलावणी करत काढलेली, तीही खरी आहेत. औषध न घेणाऱ्याला ती मिळत नाहीत. आणि हे रूप सगळ्यांचं पालटत नाही. रोगनिदानाच्या वेळीच न्यूरोएंडोक्राइन असलेले रुग्ण शंभरात एक-दोन, कदाचित त्याहून कमी. संप्रेरक-उपचारांना न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारात पुन्हा तुकडा काढून पाहणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे १७ टक्के रुग्णांत हे रूप सापडलं. लक्षात घ्या, हे प्रमाण आजार पुढं सरकलेल्यांमधलं आहे, सगळ्या प्रोस्टेट कॅन्सरमधलं नव्हे.

मग संशय कधी घ्यायचा? पीएसएच्या मानानं आजार फार जास्त दिसत असेल, तेव्हा. यकृतात डाग, फुप्फुसात गाठी, हाडं पांढरी-घट्ट होण्याऐवजी पोखरली जाणं, वजन झपाट्यानं उतरणं, रक्तातलं एलडीएच किंवा सीईए वाढणं. प्रोस्टेटच्या पेशी हेरणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनवर फारसं काही उजळत नाही, पण साध्या ग्लुकोजच्या पेट स्कॅनवर तीच गाठ लखलखते. संप्रेरक-उपचारांचा परिणाम काही महिन्यांतच ओसरला, तर तेव्हाही. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे रूप बदललंच असं नाही. पण दोन-तीन एकत्र आली तर नुसता पीएसए पाहून ‘सगळं ठीक’ म्हणणारा डॉक्टर घाई करतो आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

आता आतड्याकडे. प्रोस्टेटचा कॅन्सर गुदाशयात पोहोचतो तो मधला पडदा फोडून, लसिकांवाटे, किंवा रक्तातून दूर उडून. सुईच्या वाटेनं पेशी रुजल्याचीही तुरळक उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बदललेलं, आक्रमक रूप हे कुंपण जास्त सहज ओलांडतं. रुग्णाला जाणवतं ते असं: संडास बारीक होते, जाऊन आलं तरी पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, रक्त, शेंब, बसायला त्रास, गुदद्वारापासून मांडीपर्यंत कळा.

पेण-रोह्याच्या पट्ट्यात या तक्रारींना एकच नाव आहे: मूळव्याध. महामार्गावर ‘विना ऑपरेशन, एका दिवसात’ अशा पाट्यांची कमतरता नाही. मलम, क्षारसूत्र, जडीबुटी, आणि घरात इसबगोल. त्यातून दोन-तीन महिने सहज जातात. गणपती झाले की दाखवू, मग भातकापणी आली, मग दिवाळी. इसबगोलबद्दल एक सावधगिरी इथंच सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. आतडं खरोखरच अरुंद झालेलं असेल तर इसबगोलचा फुगलेला चोथा त्या जागी अडकू शकतो, त्यातून पाणी कमी प्यायलं तर जास्तच. पोपटीच्या दिवसांत वालाच्या शेंगांवर ताव मारणंही अशा माणसाला महागात पडतं. अरुंद आतड्याला चोथा नको असतो. मऊ भात, पेज, पातळ कालवण, काटे काढलेली मासळी, आणि डॉक्टरांनी दिलेलं मल मऊ ठेवणारं औषध.

दुसऱ्या टोकाला वेगळी चूक होते. रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे जातो, दुर्बिणीत गुदाशयाची भिंत जाड आणि आवळलेली दिसते, आणि ‘गुदाशयाचा कॅन्सर’ असा निष्कर्ष निघतो. चार वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा आजार झाल्याचं रुग्ण सांगत नाही, कारण ते त्याच्या लेखी ‘लघवीचं’ होतं आणि हे ‘संडासचं’. मग कधी कधी उपचारही गुदाशयाच्या कॅन्सरचे होतात, कधी मोठी शस्त्रक्रियासुद्धा. दोन वेगळे कॅन्सर एकाच माणसाला होऊ शकतात, ही शक्यता खोटी नाही. पण ती गृहीत धरायची नसते, तपासून ठरवायची असते.

तपासायचं कसं, यात आमच्या खोलीतली गंमत आहे. तुकड्यावर वेगवेगळ्या प्रतिपिंडांचे रंग चढवतात. पीएसए आणि एनकेएक्स३.१ रंगले तर मूळ प्रोस्टेट. सीडीएक्स२, सीके२० आणि सॅटबी२ रंगले तर आतडं. इथपर्यंत सोपं. पण रूप पालटलेल्या पेशी प्रोस्टेटच्या खुणाही टाकून देतात. त्यांच्यात सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम१ रंगतात, आणि या खुणा कुठल्याही अवयवातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठीत असतात. भरीला टीटीएफ१ रंगलं की फुप्फुसाचा संशय येतो, पण कुठल्याही अवयवातला स्मॉल सेल त्या रंगाला फितूर होऊ शकतो. अशा वेळी जनुकांतली एक जुनी खूण कामाला येते. टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेल्याचं २००५ मध्ये मिशिगनच्या अरुल चिन्नय्यन यांच्या गटानं प्रोस्टेट कॅन्सरमध्ये शोधलं. पेशीनं रूप कितीही पालटलं तरी हा सांधा पुसला जात नाही. तो सापडला की गाठीचं मूळ प्रोस्टेट. सगळ्यांत तो नसतो, हे अर्थात आहेच.

आणि हे सगळं शक्य होतं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूमुळं. पॅराफिन ब्लॉक. काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यात पांढरट मेण, आणि मेणात रुतलेले दोन-तीन फिकट, सुतळीच्या तुसाएवढे तंतू. बाजूला पेन्सिलीनं किंवा यंत्रानं लिहिलेला क्रमांक. चार वर्षांपूर्वीच्या आजाराचा हा जिवंत साक्षीदार. त्यापासून आज पुन्हा काप घेता येतात, नवा रंग चढवता येतो, नव्या तुकड्याशी ताडून पाहता येतं. पण गडबमधल्या घरात रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी असते, त्यात एक्स-रे, बिलं, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या असतात, ब्लॉक नसतो. तो ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथं पडून असतो, काही वर्षांनी टाकलाही जातो. नातेवाइकांनी तो अर्ज करून मागून घ्यावा आणि थंड, सावलीच्या जागी ठेवावा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मे महिन्यातल्या उन्हात मेण पाघळतं.

रक्त येणाऱ्या प्रत्येकाला मात्र पुन्हा तुकडा काढायला सांगू नये, हेही तितक्याच जोरानं सांगायला हवं. ज्यांनी प्रोस्टेटवर रेडिएशन घेतलंय त्यांना एक-दोन वर्षांनी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीतून रक्त येऊ शकतं, आणि ते बहुधा किरणांनी नाजूक झालेल्या अस्तरामुळं असतं. त्या जागी सुई किंवा चिमटा लावला तर जखम लवकर न भरण्याचा धोका असतो, कधी कधी मूत्रमार्गापर्यंत भोक पडतं. म्हणून आधी दुर्बिणीतून नुसतं पाहायचं आणि रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. रेडिएशनला घाबरून जाण्याचं कारण नाही. टाटा मेमोरियलमध्ये वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी जास्त जोखमीच्या २२४ रुग्णांवर अभ्यास केला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फक्त प्रोस्टेटऐवजी सगळ्या ओटीपोटाला किरण दिलेल्यांत पाच वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण ९५ टक्के होतं, दुसऱ्या गटात सुमारे ८१. आतड्याच्या त्रासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. आपल्याच माणसांवर झालेला हा अभ्यास जगभर वाचला जातो.

तुकडा काढायचा तर कुठून, हा प्रश्न पेण-रोह्याच्या माणसाला नकाशावर सोडवावा लागतो. टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही संस्था खारघरला आहे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. गडबहून रस्त्यानं गेलं तर अंतर फार नाही. पण तो रस्ता! पनवेल-इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि तेव्हापासूनचे खड्डे या भागातल्या प्रत्येकाच्या पाठीला ठाऊक आहेत. मणक्यात आजार गेलेल्या किंवा गुदाशय सुजलेल्या माणसाला रिक्षानं, टमटमनं किंवा लाल डब्यानं त्यावरून नेणं म्हणजे त्याला शिक्षा आहे. जमेल त्यांनी पेण किंवा कासू स्टेशनवरून गाडी धरावी. वेळ जास्त जातो, पण हिसके कमी. पैशांच्या बाबतीत एक गोष्ट चांगली घडलेली आहे. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. तिची मर्यादा आता कुटुंबामागं वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवली आहे. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांचा त्यात समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं. आजारपणात धावपळ होते ती या एका अक्षरापायी.

निदान पक्कं झालं की उपचाराची दिशा बदलते. संप्रेरकाशी फारकत घेतलेल्या पेशींवर संप्रेरकाची औषधं चालत नाहीत. मग फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरसाठी वापरतात तेच जोडऔषध देतात: सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, आणि एटोपोसाइड. एटोपोसाइडचं मूळ पोडोफिलम या वनस्पतीतल्या रसायनात आहे, आणि तिची एक जात आपल्या हिमालयात उगवते. गाठी यानं बऱ्याचदा लवकर आक्रसतात, रक्त थांबतं, पोट मोकळं होतं. पण हा आराम सहसा महिन्यांत मोजायचा असतो. हे लपवून काही साधत नाही. स्मॉल सेलच्या पेशींवर असणाऱ्या डीएलएल३ या प्रथिनाला हेरणाऱ्या टार्लाटमॅब या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये फुप्फुसाच्या आजारासाठी परवानगी मिळाली, प्रोस्टेटमधल्या अशाच आजारावर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. गडबमधल्या रुग्णानं त्याच्या भरवशावर शेत विकू नये.

आतडं बंद पडण्याच्या बेतात असेल तर पोटावर वाट काढून पिशवी लावावी लागते. आपल्या पुरुषांना या पिशवीची जेवढी धास्ती असते तेवढी केमोथेरपीचीही नसते. प्रत्यक्षात अनेकांना पिशवीनंतर महिन्यांनी पहिल्यांदा शांत झोप लागते, कारण सततचा मुरडा आणि रक्त थांबतं. पिशवी बदलायला शिकतं ते घरातलं कुणीतरी, आणि ते कुणीतरी जवळजवळ नेहमी सून किंवा बायको असते. शिकवताना मुलालाही बोलवा, असं मी परिचारिकांना सुचवेन. बापाचं अंग पुसायला मुलाला लाजायचं कारण नाही.

दोन लक्षणांत वाट पाहायची नाही. पोट फुगलं, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, तर त्याच रात्री रुग्णालय. पाय जड पडले, चालताना लटपटू लागले, लघवी अडली, तर मणक्यावर दाब आलेला असू शकतो, तेव्हाही त्याच दिवशी. उद्या सकाळची एसटी नाही.

वेदनेबद्दल थोडं. मॉर्फिन म्हटलं की घरचे दचकतात. गडबच काय, मुंबईतही. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी ते मिळवणं सोपं व्हावं अशी तजवीज झाली. तरी अनेक औषधविक्रेते आणि काही डॉक्टरही ते देताना बिचकतात. वेदनाशमन हा उपचारांचा भाग आहे, हार मानण्याची खूण नव्हे. पुण्यात वारजे इथं १९९७ पासून चालणारं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर रुग्णाकडून पैसे घेत नाही, आणि घरी सांभाळायचं कसं ते कुटुंबाला शिकवतं. आणि रुग्णाला सांगायचं का, हा प्रश्न. माझा अनुभव असा की म्हाताऱ्याला बहुधा आधीच कळलेलं असतं. तो घरच्यांना सांभाळण्यासाठी गप्प असतो, आणि घरचे त्याला सांभाळण्यासाठी.

पुस्तिकेची मांडणी रोगाच्या क्रमानं केलेली नाही, घरातल्या माणसांच्या गरजेच्या क्रमानं केली आहे, आणि मला ते पसंत आहे. ज्यांचा रुग्ण सध्या ठीक आहे त्यांनी पहिला भाग आणि ब्लॉकविषयीचं प्रकरण वाचावं, बाकीचं ठेवून द्यावं. ज्यांच्या घरी रक्त पडायला लागलंय त्यांनी थेट तिसऱ्या भागाकडे जावं. आशा कार्यकर्त्यांसाठी वेगळं पान आहे. त्यावर प्रोस्टेटचा आजार झालेल्या पुरुषाला दर भेटीत विचारायचे चार प्रश्न आहेत, आणि त्यातला एक संडासविषयी आहे. शेवटी कोरा तक्ता दिला आहे: तारीख, पीएसए, वजन, स्कॅन कुठं झाला, तुकडा कधी आणि कुठून काढला, ब्लॉकचा क्रमांक, आणि तो सध्या कुणाकडे आहे. डॉक्टर बदलला की आधी हा तक्ता दाखवावा, मग बाकीची पिशवी उघडावी.